पातेल्यात उरलेलं

आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात वजनकाटा होता, पण त्याच्या ताटलीत लसणाचे गड्डे ठेवलेले असत. मापाचं काम आत्या करायच्या. सकाळी शाळा भरण्याआधी त्या तांदळाच्या पोत्यासमोर उभ्या राहायच्या, डोळे बारीक करायच्या, ओठ आत ओढून घ्यायच्या आणि निकाल द्यायच्या. "आज पोरं दाबून खातील." नाहीतर, "आज बेताचंच." मग पत्र्याच्या डब्याने तांदूळ उपसायला लागायच्या. घेवडा किती भिजवायचा, बटाटे किती सोलायचे, अंडी किती उकडायची, सगळं असंच.

दुपारी शेवटच्या वर्गाचं शेवटचं मूल ताट घेऊन वळेपर्यंत कधी काही कमी पडलं नाही. आणि उरलेलंही कोणी कधी पाहिलं नाही. शाळा सुटायच्या आत पातेली घासून कट्ट्यावर पालथी पडलेली असायची. आमचे हेडसर पाहुण्यांना वाचनालय दाखवायच्या आधी ती पालथी पातेली दाखवायचे. "आमच्याकडे एक शीत वाया जात नाही," असं ते म्हणाले की आत्या पदराने उगाचच ओटा पुसायच्या.

त्यांना आत्या म्हणायला सुरुवात केली ती त्यांच्या भाचीने. त्या कामावर लागल्या तेव्हा ही पोर पहिलीत होती. वाढताना समोर आली की "आत्या, मला जास्त," असं ठणकावून सांगायची. मागच्या मुलांना वाटलं, या बाईंचं नावच आत्या. बघता बघता साऱ्या शाळेच्या त्या आत्या झाल्या, वर्गावर शिकवणाऱ्या माझ्याही. भाची मोठी होऊन औषधांच्या दुकानात कामाला लागली, तरी नाव टिकलं.

आत्यांचा देह मोठा होता. बसायला त्यांना साधी खुर्ची चालत नसे; भाजीचा लाकडी खोका पालथा घालून त्या त्यावर बसायच्या. गुडघे बोलायचे, रक्तातली साखर वाढलेली असायची, आणि आडवं झालं की श्वास कोंडायचा म्हणून रात्री बसून झोपायच्या. शेवटी त्यांनी पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. परत आल्या तेव्हा मला म्हणाल्या, "बाई, डॉक्टरीणबाईंनी पोटातला टोप नेला आणि वाटी ठेवली."

त्यानंतरचं वर्ष सगळ्यांनी डोळे विस्फारून पाहिलं. एप्रनच्या नाड्या कमरेभोवती दोनदा फिरायला लागल्या. साखरेच्या गोळ्या सुटल्या. एकदा तर आत्या जिना चढून थेट माझ्या वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या, धापा न टाकता, आणि काही काम नसताना. "नुसतंच आले," म्हणाल्या, "जमतं का ते बघायला." मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मग काही वर्षांनी वजन परत यायला लागलं, पाहुणा बोलावल्याशिवाय यावा तसं. आधी नाडीचा दुसरा फेरा गेला. मग जिना गेला. मग गोळ्या परत आल्या. आत्यांनी तपासणीला जाणंच सोडलं. स्वयंपाकघरात त्यांच्या जोडीला एक किडकिडीत बाई होती, भाजी चिरणारी. तिच्या जिभेमुळे आम्ही तिला लवंगी म्हणायचो. ती एक दिवस कांदा चिरता चिरता म्हणाली, "कापून टाकलं तरी उगवलं! पोट आहे का गवत?"

एरवी आत्यांनी तिला सव्याज परत केलं असतं. त्या दिवशी त्या बटाटे सोलत राहिल्या, आणि सालं फार जाड निघत होती.

मी तोवर निवृत्त झाले होते, पण घर शाळेच्या मागच्याच गल्लीत, त्यामुळे रोजचं येणंजाणं चालू होतं. भाचीने मला मध्ये घातलं आणि आम्ही दोघींनी मिळून आत्यांना पुन्हा त्याच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आत्या खोलीत शिरताच म्हणाल्या, "तुमची मेहनत मातीत घातली हो मी."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची बाजूला सारून त्यांना तपासायच्या पलंगावर बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसल्या. "मातीत काही गेलेलं नाही. इतकी वर्षं हृदयावरचा, गुडघ्यांवरचा भार कमी होता, ते जमेलाच आहे. ऑपरेशनने पोट लहान होतं, भूकही काही काळ दबते. पण भूक मेंदूतून येते, आत्या. खूप जणांच्या बाबतीत ती काही वर्षांनी पुन्हा डोकं वर काढते. तो तुमचा आळस नाही."

"मग परत कापणार?"

"नाही. आठवड्याला एक इंजेक्शन. आधी अगदी कमी, मग हळूहळू वाढवत. मळमळेल, पोट जड वाटेल. पाणी पीत राहायचं. भूक लागली नाही तरी अंडं, डाळी, दही हे आधी पोटात गेलं पाहिजे, आणि रक्ताच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत. तुमचं पोट आधीच लहान आहे, तुम्हाला जास्त जपायला हवं."

"म्हणजे ऑपरेशनही केलं आणि आता सुईही. लोक म्हणतील, हिला हिचं काहीच जमत नाही."

"चष्मा लागल्यावर कोणी म्हणतं का, हिला बघायला जमत नाही?"

आत्यांनी माझ्या चष्म्याकडे पाहिलं आणि फिसकन हसल्या.

दर सुट्टीच्या दिवशी सकाळी भाची येऊन पेनासारखं ते इंजेक्शन त्यांच्या पोटाला टोचायची. सुरुवातीचे आठवडे मळमळण्यात गेले. मात्रा वाढत गेली, आणि एका संध्याकाळी आम्ही दोघी बाजारातून परत येत असताना आत्या रस्त्यात थबकल्या. बेकरी मागे पडली होती. भट्टीतून नुकताच पाव निघाला होता, वास गल्लीभर होता.

"काय झालं?" मी विचारलं. मला वाटलं, गुडघा.

"बाई, बेकरी गेली."

"मग?"

"गेली आणि मला कळलंच नाही." त्या मागे वळून त्या दुकानाकडे पाहत राहिल्या. "मी लहान होते तेव्हापासून डोक्यात एक बाई बडबडत असते. आता काय खाशील, मग काय खाशील, त्या डब्यात काय आहे, कोणाच्या ताटात जास्त आहे. झोपेतसुद्धा. ऑपरेशननंतर थोडे दिवस ती हळू बोलायची. आता गप्पच आहे. तुमच्या डोक्यात असंच शांत असतं का हो, नेहमी?"

मी म्हटलं, भूक लागली की मला कळतं, नाहीतर मी वेगळ्याच विचारात असते.

"नेहमी?" त्यांनी पुन्हा विचारलं. समुद्र पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलाच्या डोळ्यांत असतं ते त्यांच्या डोळ्यांत होतं. "मग तुम्ही एवढ्या वेळात करता तरी काय?"

 जन्मभर कानाशी बडबड चालू असताना या बाईने शाळाभर मुलांना वाढलं, त्यांची नावं लक्षात ठेवली, कोणाला अंडं चालत नाही ते लक्षात ठेवलं. आणि आम्ही तिला आळशी समजणाऱ्या जगात वावरत होतो.

वजन उतरू लागलं, साखर खाली आली. सगळं ठीक चाललंय असं वाटत असताना एका दुपारी शाळेत जेवण कमी पडलं.

मी त्या दिवशी नेमकी तिथे होते. मोठ्या वर्गाची रांग निम्मी संपली होती आणि आत्यांचा डाव पातेल्याच्या तळाला खरडला. त्यांनी पातेलं तिरकं केलं. मग दुसरं पाहिलं. उरलेल्या मुलांना अर्धा अर्धा डाव भात, वर नुसतं घेवड्याचं पाणी. उंच, वाढत्या वयाची मुलं ती. ताटं घेऊन गेली. लवंगी धावत जाऊन पाव घेऊन आली. तोवर घंटा झाली.

"अगं, रोजच्यासारखंच घेतलंस ना?" लवंगीने विचारलं.

"मला वाटलं, बास आहे," आत्या म्हणाल्या. "पोत्यासमोर उभी राहिले आणि वाटलं, एवढं बास आहे."

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. हेडसर स्वतः आले. ते वाईट माणूस नव्हते. पण उपाशी मूल पाहिलं की त्यांचा आवाज चढायचा. लसूण खाली ठेवून काटा ओट्यावर आला. आता मुलं मोजायची आणि तांदूळ वजन करून घ्यायचे. तसं केलं तर एक दिवस पुरेना, एक दिवस ढीग उरला, कारण गारठ्यात मुलं वेगळी जेवतात, परीक्षेच्या दिवशी वेगळी आणि मैदानावरून आल्यावर वेगळी. तो ढीग पाहून हेडसरांनी काट्याचा हट्ट सोडला आणि विचारलं, "आत्या, तुमचा हात गेला की काय?" आणि तिथल्या तिथे बजावलं, "क्रीडादिनाला दुसऱ्या शाळेचीही मुलं येणार आहेत. तेव्हा अशी फजिती झाली, तर पुढल्या वर्षी जेवण बाहेरून आणावं लागेल."

ते निघून गेल्यावर आत्या खोक्यावर बसल्या. "हात नाही गेला," मला म्हणाल्या. "मला ठाऊक आहे काय गेलं ते. मी माझ्या भुकेवरून मापायचे हो. मला किती खावंसं वाटतंय, त्यावरून पोरांना किती. ती बाई गप्प झाली आणि माझं मापही घेऊन गेली."

क्रीडादिनाची तयारी सुरू झाली तशा आत्या भाचीला टाळू लागल्या. "तू कशाला हेलपाटे घालतेस, माझं मी टोचून घेईन," असं सांगून त्यांनी तिचं येणं बंद केलं. काही आठवड्यांनी भाची माझ्याकडे आली ती चप्पल न काढताच दारात उभी राहिली.

"बाई, आत्याच्या फ्रिजमध्ये सगळी पेनं तशीच आहेत. एकालाही हात लावलेला नाही. मी विचारलं तर म्हणते, तुला मोजता येत नाही. मी औषधांच्या दुकानात काम करते आणि मला मोजता येत नाही!"

मी शाळेत गेले. दुपारची जेवणं आटोपली होती, लवंगी बाहेर नळावर ताटं घासत होती. कोठीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून एक आवाज येत होता, डाव पातेल्याला घासल्याचा. मी दार ढकललं. आत्या खोक्यावर बसल्या होत्या, मांडीवर भाताचं पातेलं, हातात डाव. त्या मला पाहून दचकल्या नाहीत. तोंडातला घास त्यांनी सावकाश चावून गिळला. ऑपरेशन झालेल्या पोटाला घाई चालत नाही.

"आली परत," त्या म्हणाल्या.

"भूक?"

"ती बाई. मीच बोलावली. म्हटलं, क्रीडादिन होईपर्यंत राहा, मला अंदाज दे, मग जा. आज पोत्यासमोर उभी राहिले आणि माप लगेच आलं, पूर्वीसारखं. मी म्हटलं, जमलं. पण हात थांबेना, बाई. माप झालं होतं, आणि हाताने आणखी एक डबा टाकला. मग आणखी अर्धा." त्यांनी पातेल्यात पाहिलं. "तो डबा कोणासाठी होता, हे मला आत्ता इथे बसल्यावर कळलं."

मी दुसरा खोका ओढून त्यांच्यासमोर बसले.

"पोरांना कमी पडू नये म्हणून थोडं जास्त घ्यायचं, हे ठीक. पण ते जास्तीचं जायचं कुठे? इथे." त्यांनी पोटावर हात ठेवला. "ऑपरेशनच्या आधी इथेच बसून संपवायचे. नंतर बसेना, तर डब्यातून घरी न्यायचे आणि झोपेपर्यंत चरत राहायचे. दोन घास, परत दोन घास. सर पाहुण्यांना सांगायचे, एक शीत वाया जात नाही. मग मी शीत कसं उरू देणार? आणि खरं सांगू, मला हवंही असायचं. दोन्ही एकच होऊन गेलं. सुई घेतल्यावर मला ते जास्तीचं नकोसं झालं, म्हणून हात आपोआप आखडला आणि पोरं उपाशी राहिली. हात कुठला हो? हाताला अंदाज कधी नव्हताच."

"अंदाज होता," मी म्हटलं. "पोरांचा अंदाज कायम बरोबर होता. वरचा डबा वेगळा."

  मला कट्ट्यावरची ती पालथी पातेली दिसत होती, वर्षानुवर्षं, घासून लखलखीत. आख्ख्या शाळेचं उरलंसुरलं या एका बाईने आपल्या अंगावर वागवलं होतं, गुडघ्यांवर, श्वासावर, आणि आम्ही त्याला नियोजन म्हणत होतो. मी पुष्कळ थोर माणसांच्या गोष्टी मुलांना शिकवल्या आहेत. त्या कोठीच्या खोलीत लसणाच्या वासात मला जसं लहान झाल्यासारखं वाटलं, तसं त्यांतल्या कोणासमोर कधी वाटलं नव्हतं.

"मग क्रीडादिनाला वरचा डबा घ्यायचाच," मी शेवटी म्हटलं. "आणि उरू द्यायचं."

आत्यांनी अशा नजरेने पाहिलं, जसं काही मी मूल रस्त्यावर सोडून या म्हटलं होतं. "उरलेलं बघवणार नाही मला. तुम्ही दुसरं काहीही सांगा."

दुसऱ्या दिवशी भाची त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली, मीही गेले. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, पण पेनं त्यांनी सगळी बाजूला काढायला लावली. इतके आठवडे खंड पडल्यावर एकदम जुनी मात्रा घेतली असती तर ओकून ओकून अंगातलं पाणी गेलं असतं, म्हणाल्या. पुन्हा पहिल्या पायरीपासून, अगदी कमी मात्रेने.

"म्हणजे क्रीडादिनापर्यंत ती बाई गप्प होणार नाही?" आत्यांनी विचारलं.

"थोडी हळू बोलेल, एवढंच. पूर्ण गप्प व्हायला वेळ आहे." डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहून पुढे केली. "आणि आत्या, भूक मी कमी करीन. झाकण मात्र तुम्हालाच ठेवावं लागणार."

क्रीडादिनाच्या सकाळी मी मुद्दाम लवकर गेले. काटा परत कोपऱ्यात गेला होता, ताटलीत लसूण. आत्या पोत्यासमोर उभ्या होत्या. डोळे बारीक केले, ओठ आत ओढले. मग दाराशी गेल्या आणि मैदानावर धावायचा सराव करणाऱ्या मुलांकडे बराच वेळ पाहत राहिल्या. पूर्वी त्या नुसत्या पोत्याकडे पाहायच्या. परत येऊन तांदूळ उपसले. हात थांबला. मग त्यांनी वर एक डबा भरून घेतला आणि तो लवंगीच्या नाकासमोर धरला.

"हा उरायचा डबा."

"उरायचा?" लवंगीचा विळीवरचा हात थांबला. "उरायला कोण शिजवतं अन्न? वेड लागलं का सुईने?"

"लागलं. तू कांदा चीर."

दुपारी दोन्ही शाळांची मुलं जेवली. घामेजलेली, गुडघे फुटलेली, हातात पदकं आणि ताटं एकदम धरलेली. आत्यांचा डाव एकदाही हलका पडला नाही. हेडसर पाहुण्यांसह रांगेच्या शेवटी उभे होते, त्यांनाही पोटभर मिळालं. आणि सगळे वळले तेव्हा पातेल्यात भात होता, घेवड्याचं सूप होतं, बटाटे होते. थोडेथोडके नव्हेत.

आत्या त्या पातेल्यापाशी उभ्या राहिल्या. डाव हातातच होता.  लवंगीने तोंड उघडलं, आणि काय वाटलं कोण जाणे, मिटून घेतलं. तिने आयुष्यात गिळलेला तो एकमेव शब्द असावा.

मग आत्यांनी डाव ओट्यावर ठेवला. भिंतीवरचं मोठं झाकण काढलं, पातेल्यावर ठेवलं आणि त्यावर तळहात दाबून धरला, जणू आतलं कोणी वर येईल. तळहात हळूहळू उचलला. एप्रनची गाठ सोडली.

"लवंगे, आज पातेली नंतर घास. मी शर्यत बघायला जाते."

इतक्या वर्षांत त्यांनी शाळेची एकही शर्यत पाहिली नव्हती. त्या वेळी त्या कोठीत असायच्या. मैदानापर्यंतचा उतार आम्ही सावकाश उतरलो. बाकावर त्या माझ्या शेजारी बसल्या, अवघडून, हात मांडीवर, त्या हातांना काय करायला लावावं ते न कळल्यासारख्या. शेवटची रिले सुटायच्या बेतात होती.

"बडबडतेय का ती?" मी हळूच विचारलं.

"ओरडतेय," आत्या म्हणाल्या. "पार स्वयंपाकघरापासून ओरडतेय. पण मी इथे आहे ना."

तेवढ्यात पाहुण्या शाळेची एक मुलगी धापा टाकत आमच्यापाशी आली. लांब उडीत तिचा पहिला नंबर आला होता, पायांना अजून वाळू चिकटली होती. आमच्या शाळेत दुसऱ्यांदा वाढून घ्यायची पद्धत नव्हती. एक डाव, की घंटा. ते तिला कुठून माहीत असणार.

"तुम्हीच जेवण केलंत ना? अजून आहे का हो?"

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या मुलीकडे. त्यांचा चेहरा असा झाला, की मी शर्यत पाहायची विसरले.

"आहे," त्या म्हणाल्या. "आत जा, झाकण काढ आणि पाहिजे तेवढं घे. तुझ्या मैत्रिणींनाही ने." मुलगी पळाली. तिच्या पाठीमागे आत्यांनी हात तोंडाशी धरून पुन्हा हाक मारली, साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशी, "आहे गं, पुष्कळ आहे!"